आमदाराच्या घराचे तीस हात

दोराचं एक टोक भटूच्या हातात होतं आणि दुसरं पंच जीवराम आबांच्या. दिवाळी उरकली की तामसगावचा पाट उपसायचा आणि उपसायच्या आधी तो दोराने मोजायचा, ही गावाची रीत. वाकी नदीवरच्या दगडी बंधाऱ्यातून निघालेला हा पाट गावाच्या चार फडांना, एकेका पिकाच्या सलग शिवारांना, पाणी देई. फडात ज्याची जेवढी जमीन, तेवढे हात पाट त्याने दर वर्षी साफ करायचा. गाळ काढायचा, लव्हाळा खणायचा, फुटलेला काठ बांधायचा. तेही मजूर लावून नाही, घरच्या माणसाने स्वतः उतरून. पंचांनी दोर टाकून नाव घ्यायचं, नाव घेतलेल्याने 'हा' म्हणून तिथं कुदळ टेकवायची. कागद नाही, सही नाही. बापजाद्यांपासून हे असं चाललं होतं, आणि भांडणं झाली ती काठावर. दोराशी कुणी भांडलं नव्हतं.

भटू गेली अठरा वर्षं गावाचा पाटकरी होता. पाण्याच्या पाळ्या त्याच्या तोंडपाठ होत्या. काठातून शेतात पाणी सोडायचं जे भोक, त्याला बारं म्हणायचं. कुणाचं बारं केव्हा उघडायचं नि केव्हा चिखलाने बुजवायचं हे त्याचं काम. पन्नाशीचा, उंच, वाकलेला गडी. पायांच्या टाचा इतक्या फुटलेल्या की भेगांत पाटाची माती कायमची बसली होती. बोलणं बेताचं. गावात म्हणत, भटूच्या वाट्याचं सगळं बोलणं धाकट्या भावाने नेलं. आणि ते खोटंही नव्हतं. धाकटा हिलाल बोलून बोलूनच आमदार झाला होता.

"रुपचंद, बावीस हात," जीवराम आबा ओरडले.

"हा," म्हणत रुपचंदने कुदळ टेकवली.

पुढचा तुकडा निंबाच्या झाडापासून खुणेच्या दगडापर्यंतचा. तीस हात. भटूच्या घरचा. भटूने सवयीने दोर ताणला आणि दुसऱ्या हातातली कुदळ खाली आणली. पण आबा थांबलेच नाहीत. दगड ओलांडून चार पावलं पुढं गेले तसा दोर भटूच्या हातातून सरकला.

"आबा, हाई आमनं शे."

"माले माहीत शे." आबांनी मागं पाहिलं नाही. "तुमनं औंदा माफ शे. पुढे चाल."

काठावर चाळीसपन्नास माणसं उभी होती. एकजण खोकला. रुपचंद कुदळीचा दांडा घट्ट बसवण्यात एकदम गुंतून गेला, जसा काही तो आजच ढिला झाला होता. भटूने कुदळ पुन्हा खांद्यावर घेतली, दोराचं टोक उचललं आणि पुढं चालू लागला. आपल्याला राग यायला हवा होता, असं त्याला चालताना वाटलं. पण तो काही आला नाही.

पाटाची माफी एकाच घराला मिळे. ज्या घरचा कर्ता पुरुष त्या वर्षात मेला, त्या घराला. मग त्याच्या वाट्याचा तुकडा दोन्ही बाजूंचे शेजारी अर्धा अर्धा काढून देत. मात्र माफ घराला त्या हंगामात पाण्याची पाळी नसे. सुतकातल्या घराने पेरायचं कशाला, असा त्याचा जुना अर्थ. दुसरी कसली माफी गावाला ठाऊक नव्हती.

हां, एकदा तसं झालं होतं खरं. बावन्न साली हिलाल पहिल्यांदा निवडून आला तेव्हा गाव नुसतं फुललं होतं. ढोल, गुलाल, बैलगाडीला आंब्याचे डहाळे. त्या वर्षी दोर टाकताना हेच जीवराम आबा प्रेमाने म्हणाले होते, "भटू, आमदारना घरले पाट माफ. गावनं मान शे ते." भटूने घरी येऊन सांगितलं तर त्याची बायको वच्छलाबाई तवा खाली आपटून म्हणाली होती, "आमना घरमा कोन मरेल शे?" दुसऱ्या दिवशी भटू उतरला आणि गावाने कौतुकाने पाहिलं. तेव्हा नाकारलेला मान सहा वर्षांनी गावाने असा परत दिला.

दुपारी तो घरी आला तेव्हा वच्छलाबाई ओट्यावर पेरायचा गहू चाळत बसली होती.

"कितला हात उनात औंदा?" तिने मान वर न करता विचारलं.

"माफ करं."

चाळण थांबली. वच्छलाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. या वेळी तिने कोण मेलं म्हणून विचारलं नाही. चाळलेला गहू तिने पुन्हा पोत्यात ओतला, पोत्याचं तोंड बांधलं आणि हात झटकले.

"भाऊजीले सांगाले जोयजे," ती म्हणाली.

"सांगसू."

"सांगसू नही. जा."

पण भटू लगेच गेला नाही. पाटकरी होता ना! पाट उपसायचे सहा दिवस त्याने काठावरून फिरायचं असतं. काठ कुठं कच्चा राहिला, तळाचा उतार नीट आला की नाही, हे पाहायचं असतं. तो रोज सकाळी कुदळ खांद्यावर टाकून निघे. खाली माणसं कमरेएवढ्या पाटात उतरलेली. गुडघ्याला गाळ, पाठीला ऊन, टोपली वर येते, रिकामी होते, खाली जाते. त्याची कुदळ मात्र कोरडीच्या कोरडी. संध्याकाळी ती तो कोपऱ्यात उभी करी तेव्हा वच्छलाबाई तिच्या पात्याकडे बघे.

कुणी त्याला टाकून बोललं असतं तर बरं झालं असतं. तसं कुणीच बोललं नाही. उलट सगळे फार नीट वागले. दुपारी निंबाखाली भाकरी सोडल्या की सगळे गोल बसत. भटू जवळ आला की दोघंजण सरकून जागा करून देत, इतकी जागा की त्यात तीन माणसं बसावीत. तंबाखूची चंची हातोहात फिरे आणि त्याच्या अलीकडच्या माणसापाशी येऊन कनवटीला जाई. रुपचंद त्याच्याबरोबर म्हशी चारत मोठा झालेला, त्याला भट्या म्हणणारा. तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुम्ही पानी पिधं का?"

तुम्ही! भटू बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. पन्नास वर्षांत रुपचंदने त्याला शिव्या दिल्या होत्या, एकदा काठीही हाणली होती, पण तुम्ही म्हटलं नव्हतं.

गावाचं तरी काय चुकलं होतं? वाकीचं पाणी पूर्वी चैत्रापर्यंत बंधाऱ्यावरून खळखळायचं. वर डोंगरात टेंभ्याला मातीचं धरण झालं आणि दोन वर्षांतच माघ लागला की बंधारा कोरडा पडू लागला. चार फडांपैकी उसाचा फड आधी गेला. मागच्या वर्षी ऊस उभ्या उभ्या वाळला तेव्हा तो कापून गुरांपुढं टाकला, तर गुरंही तोंड लावीनात. आता गव्हाचा फड उरला, आणि तोही दोन पाळ्या कमी पडून. आणि टेंभ्याचं धरण आणलं कुणी? तामसगावच्या आमदाराने. गावाने गुलाल उधळून मुंबईच्या सभेत पाठवलेल्या त्यांच्याच हिलालभाऊने.

हिलालचं मन गावाला कळत नव्हतं, पण भटूला थोडं कळत होतं. एकावन्न साली मतं मागत हिलाल टेंभ्याच्या अंगाला पायी हिंडला होता. सात गावं, सगळी माळावर. तिथं एका घरी त्याने पाणी मागितलं. बाईने तांब्यात पाणी आणलं. तो अर्धं प्यायला आणि तांब्या खाली ठेवला, तर उरलेलं अर्धं तिने फेकलं नाही, गाळून परत मडक्यात ओतलं. हिलालने घरी येऊन हे भटूला सांगितलं होतं आणि त्या रात्री तो जेवला नव्हता. पुढं त्याने रस्ते केले, शाळा आणल्या, एसटी फाट्यापर्यंत आणली, ज्याचं कार्ड आलं त्याला उत्तर धाडलं. तिसऱ्या वर्गाने मुंबईला जायचा, एक धोतर वाळत आणि एक अंगावर. पण मनात ते तांब्यातलं अर्धं पाणीच घेऊन तो सहा वर्षं हिंडला असावा.

सातव्या दिवशी सगळा पाट स्वच्छ झाला. बंधाऱ्यापासून शेवटच्या फडापर्यंत कोरी काळी नाली, आणि मधे निंबाखाली तीस हात गाळ, लव्हाळा, पाणकणसं. शेजाऱ्यांनी अर्धा अर्धा काढायचा, तोही कुणी काढला नव्हता. मेलेल्याच्या घरचा गाळ काढणं हे पुण्याचं काम. पण या घरचं पुण्य कुणालाच नको होतं. देवदिवाळीला पाटात पाणी सोडायचं होतं. मधे तीन दिवस.

भटू फाट्यावर जाऊन धुळ्याच्या एसटीत बसला.

धुळ्यात देवपूरला हिलालचं बिऱ्हाड होतं, दोन खोल्या आणि पुढं पडवी. पडवीत सतरंजीवर दहाबारा माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात कागदाची सुरळी. दारात नवा कारकून होता, केसांना तेल चोपडलेला, बोटांना शाई. भटूला त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टाचांपाशी त्याची नजर थांबली.

"आपलं काय काम? अर्ज आणलाय?"

"अर्ज नही."

"अर्जाशिवाय भेट होत नाही, पाटीलबाबा. बाहेर कोपऱ्यावर लिहून देणारे बसतात. लिहून आणा, नाहीतर मग बसा सगळ्यांच्या शेवटी."

भटू सगळ्यांच्या शेवटी बसला. मी भाऊ आहे, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं नाही. आतून हिलालचा आवाज येत होता, शहरी, स्वच्छ. "पुढच्या अधिवेशनात विचारतो." "हे माझ्या हातात नाही, पण कलेक्टरांना लिहितो." माणसं आत जात होती आणि बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिळाल्यासारखं होतं, मिळालेलं नसलं तरी. इतकी माणसं याच्याकडे येतात, भटूच्या मनात आलं, आणि हा जेवतो केव्हा?

त्याच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. पागोटं मळकं, पण त्याच्यापुढं उसाची मोळी, नुकती तोडलेली, जांभळी, हिरव्या शेंड्यांसकट. इथल्या बसलेल्या माणसांत तेवढाच एकजण हसरा होता.

"कोठला?" त्याने भटूला विचारलं.

"तामसगाव."

"हिलालभाऊना गावना! मी निंबा. टेंभाना." म्हातारा सरकून जवळ आला. "हाऊ आमना पहिला ऊस. जल्ममा पहिला. आमना गावले कोनी पोर देत नव्हता बाबा. म्हनेत, तठे पोर देन्यापेक्षा इहिरमा ढकला, पन इहिरमा बी पानी पायजे ना." तो आपल्याच बोलण्यावर हसला. "औंदा तीन लगीन जमनात. तू हिलालभाऊना कोन?"

भटूला खोटं बोलता येत नव्हतं.

"भाऊ. मोठा."

म्हातारा उठला. पागोटं सावरलं आणि सगळ्या पडवीदेखत खाली वाकून त्याने भटूच्या त्या फुटक्या टाचांवर डोकं टेकवलं. "तुना भाऊनी आमले मानसात आनं," तो म्हणाला. कारकून धावत आला, आधी सांगायचं ना, म्हणून गयावया करू लागला. भटू भिंतीला टेकून उभा राहिला होता. आपले पाय कुठं लपवावेत, हे त्याला समजेना. पाट उपसताना रोज कोरड्या कुदळीने परत यायचं आणि इथं असं. त्याला त्या म्हाताऱ्याचा राग करायचा होता. तोही आला नाही.

हिलाल बाहेर आला. केस पांढरे झालेले, डोळ्यांखाली काळं. "नाना!" म्हणत त्याने हात धरला आणि आत नेलं. त्याची बायको सुनंदाबाई पाणी घेऊन आली. मागोमाग निंबाने ऊस आत आणून टाकला आणि हिलालने सांगायच्या आत एक सोलून, कांडी करून दोघांपुढं ठेवला. मग तो नमस्कार करून गेला.

"खा ना, नाना."

भटूने कांडं तोंडात घातलं, चघळलं. ऊस गोड होता. तामसगावच्या उसाइतकाच गोड. चोथा हातात घेऊन तो बसून राहिला.

"वहिनी बरी शे ना? गाय व्यायनी का?"

"पाट माफ कया आपला," भटू म्हणाला.

माफीचा अर्थ हिलालला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कोनी?"

"आबानी. पंचसनी."

"तू काय म्हनेस?"

"मी काय म्हनसू? मना हातमा दोर व्हता."

हिलाल उठून खिडकीपाशी गेला. "धरणाच्या मंजुरीतच लिहिलंय, खालच्या बंधाऱ्यांचा हक्क राखून," तो पुस्तकी बोलला, आणि मग त्याचं त्यालाच ते ऐकवलं नसावं. "नाना, मी एक कागद लिखा तं पौषमा टेंभाना दरवाजा उघडस. तुमले पानीन्या दोन पाळ्या भेटतीन. माले माहीत शे."

"मंग?"

"तठला गहू सुकी जाई. पेराले त्यास्ले मीच सांगं. घरोघर जाईसन सांगं."

भटूने मान हलवली. बाहेर पडवीत कुणीतरी हसलं. कागद लिही, असं म्हणायला तो एसटीत बसून आला होता. ते दोन शब्द त्याने फाट्यापासून धुळ्यापर्यंत मनात घोकले होते. ते आता तोंडात होते आणि तिथंच उसाचा गोडवा होता.

"देवदिवाळीले पानी सोडतस," तो एवढंच म्हणाला.

"मी येसू," हिलाल म्हणाला.

निघताना सुनंदाबाईने दोन ऊस बरोबर दिले. भटूने ते एसटीत बाकाखाली ठेवले आणि फाट्यावर उतरताना तिथंच राहू दिले. टेंभ्याचा ऊस खांद्यावर टाकून तामसगावात शिरायची त्याची छाती नव्हती.

"सांगं का?" वच्छलाबाईने विचारलं.

"सांगं."

"काय म्हने?"

"येसू म्हने."

देवदिवाळीच्या सकाळी गारठा होता. पंच नारळ घेऊन बंधाऱ्याकडे निघाले तेव्हा फाट्याच्या वाटेने हिलाल एकटाच चालत आला. बरोबर ना कारकून, ना पिशवी. घरी न जाता तो सरळ निंबाखाली आला. धोतर वर खोचलं, सदरा काढून फांदीला अडकवला, भटूच्या खांद्यावरची कुदळ घेतली आणि पाटात उतरला.

गाव काठावर जमलं. कुणी त्याला अडवलं नाही आणि कुणी खालीही उतरलं नाही. हिलालने घाव घातला. लव्हाळ्याच्या मुळ्या तारेसारख्या असतात, त्यांना खालून तिरपा घाव लागतो. तो वरून मारत होता. लहानपणी हे त्याला येत होतं. मधे सोळा वर्षं गेली, बेचाळीसचा तुरुंग, धुळे, मुंबई. पांढऱ्या कोवळ्या पाठीवर घाम आला. एका बाईने पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की कशासाठी, ते दिसलं नाही.

जीवराम आबा बंधाऱ्यावरून परत फिरून आले. ते काठावर उकिडवे बसले.

"हिलालभाऊ, वर या. तुमनं माफ शे."

"मी जित्ता शे, आबा."

"शेतस ना. सात गावले माहीत शे."

हिलालने कुदळ मारली. आबा बराच वेळ बघत राहिले. हा पोरगा त्यांच्या अंगाखांद्यावर खेळला होता. याला शाळेत पहिल्यांदा त्यांनीच बैलगाडीतून पोचवलं होतं. ते पुढं बोलले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला आणि तुम्ही गळून पडलं.

"ऐक, पोऱ्या. एक कागद लिखी दे. पौषमा पानी सोडा म्हनीसन. आपला हक्कनं पानी शे ते, भीक नही. तू लिख, आनि मी आते, आठेच, दोर टाकस. तुनं नाव घेस. बठ्ठा गाव खाले उतरी."

काठावर हालचाल थांबली. रुपचंदने तर कुदळ हातात घेतलीच होती. भटू भावाकडे बघत होता. हो म्हण, असं त्याला वाटलं. इतक्या दिवसांत त्याला काही वाटलं ते एवढंच. हो म्हण बाबा.

हिलाल ताठ उभा राहिला. तळहात त्याने मांडीला पुसले, तिथं लाल डाग उठले.

"नही लिखावाव, आबा," तो म्हणाला. "तुमनं खरं शे. पन मी नही लिखावाव."

आबांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि पुन्हा तुम्हीवर आले.

"खना मंग. पन ते मोजमा येवाव नही. माफ ते माफ."

माणसं एकेक करून बंधाऱ्याकडे गेली. भटू तेवढा उरला. त्याने थोडा वेळ हिलालचे उलटे घाव पाहिले. मग तो पाटात उतरला आणि भावाच्या हातातून कुदळ काढून घेतली. हिलालने टोपलं उचललं. पूर्वीही असंच होतं, भटूने खणायचं आणि हिलालने वाहायचं. बाप काठावर बसून दोघांना शिव्या द्यायचा. तीस हात पाट, दोन माणसं, दुपार कलली.

"नाना, हातले फोड उनात," एकदा हिलाल म्हणाला.

"येतीन," भटू म्हणाला.

शेवटची टोपली वर गेली तेव्हा बंधाऱ्याकडून आरोळी आली. सकाळचा नारळ आता फुटला होता. पाणी आलं ते आधी काडीकचरा ढकलत, फेस घेऊन, बोटभर. मग वीतभर. त्यांच्या तीस हातांवरून ते न अडखळता गेलं. दोघं काठावर चढून उभे होते. दोर न लावता उतार नीट आला होता, असं भटूच्या नजरेने टिपलं.

मग तो आपल्या कामाला लागला. पाण्याच्या तोंडाबरोबर चालायचं आणि पाळीप्रमाणे बारी उघडायची. पहिलं बारं जीवराम आबांचं. त्याने कुदळीने चिखल ओढला, पाणी गव्हाच्या वाफ्यात शिरलं. दुसरं रुपचंदचं. रुपचंद वाफ्यात उभा होता. तो काहीतरी बोलायला गेला आणि खाली बघून पाण्याला वाट करू लागला. हिलाल मागोमाग येत होता, सदरा खांद्यावर, चिखलाचे पाय.

तिसरं बारं त्यांचं स्वतःचं. पलीकडे त्यांचं वावर नांगरून, वाफे पाडून तयार होतं. भटूने ते माफीच्या आधीच केलं होतं. भटू तिथं थांबला. मागच्या वर्षीचं बुजवलेलं तोंड वाळून तडकलं होतं आणि त्या फटीतून पाण्याची बारीक धार आपसूक आत निघाली होती. बोटाएवढी. ती पहिल्या वाफ्यापर्यंत पोचली आणि जमीन तिथं काळी पडत चालली.

भटू वाकला. पाटातून ओंजळभर ओला गाळ काढला आणि फटीत भरला. पुन्हा एक ओंजळ. धार थांबली. वर उभं राहून त्याने ती जागा टाचेने दाबली, चांगली घट्ट दाबली.

"नाना," हिलाल म्हणाला, "आपलं?"

"आपलं माफ शे," भटू म्हणाला, आणि कुदळ खांद्यावर टाकून तो पुढच्या बाऱ्याकडे निघाला. पाणी थांबत नाही, त्याच्याआधी पोचायला हवं होतं.